जाते, गिरणी आणि ओवी : एका रूढ उपपत्तीची फेरतपासणी

मराठी लोकवाङ्मयाच्या विवेचनात एक विधान इतक्या वेळा येऊन गेले आहे की त्याला आता सिद्धान्ताचे रूप प्राप्त झाले आहे. गिरणी आली, जाते थांबले, आणि जात्याबरोबर ओवीही थांबली, हे ते विधान होय. घटनाक्रम म्हणून ते खोटे नाही. तथापि घटनाक्रम सांगणे आणि कारण सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि बहुतेक विवेचक पहिलीवरून दुसरीवर केव्हा सरकतात हे त्यांचे त्यांनाही कळत नाही. कारण म्हणून जे पुढे केले जाते ते असे : ओवीची लय ही जात्याच्या फेऱ्याची लय होय, फेरा यंत्राकडे गेला, तेव्हा गाण्याचा आधारच नाहीसा झाला. या उपपत्तीची तपासणी करणे आवश्यक आहे, कारण ती मान्य केली तर हस्तश्रमाकडून यंत्राकडे जाताना मराठी समाजात जे घडले त्याचा अर्ध्याहून अधिक भाग दृष्टीआड होतो.

या उपपत्तीचे मूळ मराठी नाही. जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूखर याने १८९६ मध्ये श्रम आणि लय या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दळणे, कांडणे, वल्हवणे, कापणी करणे अशा कामांत शरीराची जी नियमित हालचाल होते, तिच्यातून लय, लयीतून संगीत आणि संगीताबरोबर काव्य असा क्रम त्याने लावला. हस्तश्रमात माणूस आपल्या लयीने काम करतो, यंत्रापुढे त्याला यंत्राच्या गतीने चालावे लागते, असा भेदही त्याने दाखविला. कल्पना आकर्षक आहे, आणि पुष्कळ श्रमगीतांना ती लागूही पडते. नाविकांची गीते, भलरी, मोटेवरची गाणी यांत शब्द आणि हालचाल यांचे नाते उघड दिसते. मराठी विवेचकांनी ती ओवीलाही लावली, आणि अडचण तेथून सुरू होते.

पहिला आक्षेप ओवीच्या सर्वांत जुन्या उल्लेखापासूनच निघतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात असे नमूद आहे. मात्र तेथे प्रसंग सांगितला आहे तो दळणाचा नव्हे, कांडणाचा. कांडणात मुसळ उचलून खाली टाकायचे असते. आघात आणि विराम असा त्याचा ठेका. दळणात खुंटा गोल फिरत असतो. तेथे आघात नाही, विरामही नाही, एक अखंड घरघर आहे. या दोन हालचालींत साम्य शोधू गेल्यास एवढेच सापडते की दोन्ही कामे स्त्रियांची होती. जी ओवी कांडताना म्हटली गेली, तीच दळतानाही म्हटली गेली. पाळणा हलविताना, झोपाळ्यावर, पंढरीच्या वाटेवर, शेतात खुरपतानाही म्हटली गेली. एखाद्या श्रमाच्या लयीने घडविलेला छंद इतक्या वेगवेगळ्या हालचालींशी जुळवून घेऊ शकता ना. वस्तुस्थिती अशी दिसते की जात्यावरील ओवीची अक्षरसंख्या सैल आहे. गाणारी स्त्री ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ असे शब्द मध्ये घालून, अर्धा चरण पुन्हा म्हणून, तिला हव्या त्या चालीत बसविते. छापील पानावर ओवी दोन ओळींत मावते, काही संग्राहक तीच चार लहान ओळींत तोडून छापतात. प्रत्यक्ष गायनात ती त्याहून पुष्कळ लांब असते. लयीला शब्द बांधलेले नाहीत, शब्दांना लयीत पसरू देण्याची मुभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक साधा आहे. दळण केवळ घरातच चालत नव्हते. ब्रिटिश अमदानीतील तुरुंगांत कैद्यांना सक्तमजुरी म्हणून धान्य दळावे लागे. गांधीजींच्या आश्रमांत पुरुषही जात्यावर बसत; विनोबांचे दळण तर सर्वांना ठाऊक आहे. दगड तोच, खुंटा तोच, फेराही तोच. परंतु तुरुंगात ओवीची परंपरा उभी राहिली नाही, आणि आश्रमातील दळणातूनही ती निघाली नाही. लय हे कारण असते तर ते येथेही फळाला यावयास हवे होते.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो विस्ताराने पाहण्यासारखा आहे. मराठीत ‘गिरणी’ हा एकच शब्द कापडाच्या कारखान्याला आणि पिठाच्या चक्कीला लावला जातो. कावसजी दावर यांच्या पुढाकाराने मुंबईत कापडाची पहिली गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढील दोनेक वर्षांत ती चालू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात रत्नागिरी, सातारा आणि घाटावरील इतर भागांतून पुरुष मुंबईस जाऊ लागले. यंत्रयुग मराठी खेड्यात आले ते यंत्राच्या रूपाने नव्हे, घरातून निघून गेलेल्या पुरुषाच्या रूपाने आले. बायको मागे राहिली. शेत, गुरे, सासू आणि जाते तिच्याकडे राहिले. पिठाची गिरणी तिच्या गावात पोहोचायला आणखी बराच काळ जावा लागला. तेलावर चालणारी इंजिने प्रथम बाजाराच्या गावी आली, आणि लहान खेड्यांत गिरणी सर्रास दिसू लागली ती १९६० नंतर वीज पसरत गेली तेव्हा. कोकणातील आणि घाटमाथ्यावरील स्त्रीच्या बाबतीत असे म्हणता येईल की एका गिरणीने तिचा नवरा आधी नेला आणि दुसरीने तिचे जाते पुष्कळ मागाहून नेले.

या मधल्या काळात ओवी मंदावली काय? उलट ती नवे विषय घेऊ लागली. आगगाडी, मोटार, मुंबईची नोकरी, टपालाने येणारा पैसा, शाळेत जाणारा मुलगा हे सारे ओवीत आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयीच्या ओव्या बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. त्यांत दळणाऱ्या स्त्रीची जी राजकीय जाण प्रकट होते ती कोणत्याही प्राचीन परंपरेतून आलेली नाही. ज्या समाजात यंत्राने पुरुषांचे श्रम शंभर वर्षे बदलत नेले, त्याच समाजात स्त्रियांची ओवी त्या बदलाची वार्ता देत जिवंत राहिली. ‘यंत्रयुगाने ओवी मारली’ या ढोबळ वाक्यात ही शंभर वर्षे बसत नाहीत.

मग पिठाच्या गिरणीने नेले ते नेमके काय? दळणाची वेळ पहाटेची, घर जागे होण्यापूर्वीची. जागा घराच्या आत, स्वयंपाकघराजवळ किंवा पडवीत. सोबत दुसरी स्त्री : जाऊ, नणंद, शेजारीण, कधी माहेरी आलेली लेक. दोघी खुंट्याला समोरासमोर बसलेल्या. उठता येत नाही, कारण दळण संपवावयाचे आहे. थांबता येत नाही, कारण दगड रिकामा फिरवून चालत नाही. आणि जात्याच्या घरघरीमुळे उच्चारलेला शब्द पलीकडच्या खोलीत स्पष्ट पोहोचत नाही. जिने दिवसभर सासरी हळू बोलावयाचे, पुरुषांसमोर बोलावयाचेच नाही, तिला या एका तासात मोठ्याने आणि स्वतःच्या नावाने बोलण्याची मुभा होती. तिचे बोलणे काम म्हणून गणले जाई, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नसे. ओवीत ज्यांना उद्देशून बोलले जाते त्यांची यादी केली असता हेच दिसते : दूरची आई, न आलेला भाऊ, दिलेली लेक, विठ्ठल, आणि प्रत्यक्ष जाते. देव म्हणून जात्याला हाक मारण्याचा प्रघात ओव्यांत सर्वदूर आहे. यांतील एकही श्रोता समोर हजर नाही, आणि समोर बसलेल्या स्त्रीला मात्र सर्व ऐकू येत आहे. भाषाव्यवहाराच्या दृष्टीने ही व्यवस्था असामान्य होय. उच्चार अनुपस्थिताला, श्रवण उपस्थिताला. त्यामुळे सासूविषयीची तक्रारही आईला सांगितलेली गोष्ट ठरते आणि जाऊबाईंना ती ऐकून न ऐकल्यासारखे करता येते.

गिरणी या व्यवस्थेबाहेर होती. ती दिवसा चालते, रस्त्यावर असते, आणि तिचा चालक बहुधा पुरुष असतो. दळण घेऊन बायका गिरणीत जातात, रांगेत बसतात, बोलतातही; पण ते बोलणे गावाच्या कानावर जाणारे बोलणे आहे. दळण नेण्याचे काम पुष्कळदा मुलांवर सोपविले जाते, आणि मग तीही भेट उरत नाही. इंजिनाच्या किंवा मोटारीच्या आवाजालाही लय असते, जात्याहून कितीतरी पक्की. तिच्यावर कोणी गायले नाही.

समाजातील बदल भाषेने कसा टिपला हे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. ‘दळणे’ या क्रियापदाचा कर्ता पूर्वी ठरलेला होता. ‘ती दळते’ या वाक्यात कष्ट आणि कष्ट करणारी दोन्ही होती. गिरणीनंतरची रूढ रचना ‘दळून आणणे’ ही आहे. ‘तिने दळण दळून आणले’ असे म्हणताना आणणारी ती आहे, दळणारा मात्र वाक्यात कोठेच नाही, आणि तो नसल्याचे कोणाला खटकतही नाही. ‘दळण’ हा शब्दही सरकला : पूर्वी त्यात क्रिया आणि वस्तू दोन्ही सारख्या वजनाने नांदत, आता पिशवीत वा डब्यात भरलेले धान्य हाच अर्थ पुढे आला. जात्यात घातल्या जाणाऱ्या मुठीला ‘वैरण’ म्हणत. जाते हे जणू दावणीचे जनावर. आज वैरण म्हटले की गुरांचा चारा तेवढा आठवतो. खुंटा, तळी, टाकी हे शब्द नव्या पिढीला समजावून सांगावे लागतात.

सर्वांत बोलका शब्द ‘दळणावळ’ हा होय. शिवणावळ, घडणावळ यांच्या जातीचा हा शब्द. दळण्याची मजुरी हा त्याचा अर्थ. ही मजुरी पूर्वी कोणाला मिळे? ‘लोकांचे दळणकांडण करून तिने मुलगा वाढविला’ हे वाक्य गेल्या शंभर वर्षांतील मराठी चरित्रांत आणि कथांत इतके रुळले आहे की ते वाचताना त्यातील अर्थव्यवस्था लक्षात येत नाही. विधवा, परित्यक्ता, भूमिहीन स्त्री हिच्यापाशी भांडवल म्हणून दोन हात होते, आणि दळणकांडण हा त्या हातांना घराच्या चौकटीजवळ राहून मिळणारा रोजगार होता. गिरणी आल्यावर दळणावळ हा शब्द तसाच राहिला, दळणावळ देणेही तसेच राहिले, घेणारा बदलला. ज्याच्यापाशी इंजिन घेण्याइतका पैसा होता त्याच्या पेटीत ती जाऊ लागली. ओवीच्या अंतावर पाने भरून लिहिणाऱ्यांना या स्थित्यंतरावर एक परिच्छेद लिहावासा वाटला नाही, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. गाणे गेले याची खंत वाटली, मजुरी गेली याची वाटली नाही. कारण गाणे सर्वांना ऐकू येते आणि मजुरी जिची जाते तिलाच कळते.

तीच गोष्ट टाकी लावणाऱ्यांची. जात्याचा दगड वापराने गुळगुळीत होतो आणि त्याला पुन्हा टाकीने खवले पाडावे लागतात. या कामासाठी गावोगाव हिंडणारी एक जमात होती, आणि तिचे नावच टकारी किंवा टाकणकार असे पडले. वऱ्हाडातील जुन्या वृत्तान्तांत पारध्यांशी नाते सांगणारी जमात म्हणून तिची नोंद आहे. जाती बंद पडली तेव्हा नाव उरले आणि काम गेले. गिरणीच्या दगडांनाही टाकी लावावी लागते हे खरे. पण शेकडो घरांच्या जागी आता एक गिरणी आहे, आणि तेवढ्याने एखाद्या जमातीचे पोट भरत नाही. टकारी हे नाव आज विमुक्त जातींच्या यादीत वाचावयास मिळते.

आता संग्राहकांकडे वळावे. साने गुरुजींचा ‘स्त्री जीवन’ हा संग्रह १९४० च्या सुमारास निघाला. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांना लावावयाचे विशेषण त्यांनी बायकांच्या गाण्यांना लावले, त्यातील विनोद गंभीर आहे : ज्याचा कर्ता पुरुष नाही ते अपौरुषेय. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनाचे काम पुढे कितीतरी वर्षे चालविले. या मंडळींचे ऋण मोठे आहे, आणि ते मान्य करूनच पुढील दोष दाखविला पाहिजे. ओव्या विषयवार लावल्या गेल्या : आईच्या ओव्या, भावाच्या, लेकीच्या, देवाच्या. ओवी हा शब्द ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडला जातो. जात्यावर एका ओवीतील शब्दाने दुसरी ओवी सुचते, भावावरून माहेर, माहेरावरून वाट, वाटेवरून पंढरी. संग्रहात हा ओघ सुटला आणि मणी रंगवार वेगवेगळ्या वाट्यांत पडले. बोलीची रूपे प्रमाण लेखनाकडे झुकली. कोणत्या स्त्रीने, कोणत्या गावी, कोणासमोर म्हटली हे बहुधा गळाले. आणि मग ‘ओवी अनामिक असते’ असा सिद्धान्त मांडण्यात आला. जिचे नाव लिहून घेतले नाही ती अनामिक होणारच.

याच्या अगदी उलट टोकाला बहिणाबाई चौधरी उभ्या आहेत. घरकाम आणि शेतकाम करता करता ओवीच्याच वळणावर त्यांची रचना होत असे. मुलगा सोपानदेव कवी निघाला, त्याने जपलेल्या रचना १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह छापल्या गेल्या, आणि असोद्याची ती निरक्षर स्त्री कवयित्री ठरली. घरात लिहिता मुलगा नसलेल्या किती स्त्रिया अनामिक राहिल्या, हा प्रश्न त्या प्रस्तावनेच्या कौतुकात विचारला गेला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून केला. गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि प्रत्येकीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदविले. पुढे ध्वनिमुद्रणेही झाली. मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातील गरीब स्त्रियांच्या संघटनेतून हे काम वाढले, वाङ्मयाच्या अभ्यासमंडळातून नव्हे. म्हणून त्यात कष्टाला जितके स्थान आहे तितके सौंदर्याला दिलेले नाही, आणि ते योग्यच झाले. संकलनाचा आणखी एक धडा असा की जाते बंद पडल्यानंतरही स्त्रियांना ओव्या पाठ होत्या. गाणे स्मृतीतून गेले नव्हते. ते म्हणण्याचा प्रसंग गेला होता. कोणी ऐकावयास आले, दोघीचौघी एकत्र बसल्या, की ते पुन्हा बाहेर आले.

येथे हळहळीचा प्रश्न उपस्थित होतो. दळणाचे कष्ट ओव्यांतच पानोपानी आहेत : दुखणारे दंड, निथळणारा घाम, आईच्या दुधाचे बळ दगडापाशी खर्ची पडल्याची जाणीव. ‘तेच ते दळण’ हा वाक्प्रचार कंटाळवाण्या पुनरुक्तीसाठी मराठीत रूढ आहे. भाषेने दळणाविषयीचे आपले मत त्यात केव्हाच देऊन ठेवले आहे. जनाबाईची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे तिचे जाते म्हणून एक जाते दाखवितात. विठ्ठल येतो आणि तिच्याबरोबर दळू लागतो, ही कथा भक्तीच्या महिम्याची म्हणून सांगितली जाते; पण देवाकडे या दासीची अपेक्षा काय, तर खुंट्याला दुसरा हात. दगड दुसऱ्या कोणी फिरवावा ही इच्छा गिरणीहून कितीतरी शतकांनी जुनी आहे. १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातदळणीच्या पिठाचा त्याने पुरस्कार केला. त्यामागील पोषणाचा व रोजगाराचा विचार खोटा नव्हता, आणि ती माणसे स्वतः दळत होती हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु गावात गिरणी आल्यावर बायकांनी ती स्वीकारली, आणि त्यासाठी कोणाला प्रचार करावा लागला नाही.

मोकळी झालेली पहाट मात्र त्यांच्याकडे राहिली असे नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात हजारो स्त्रिया खडी फोडावयास आणि रस्त्याच्या कामावर गेल्या; पुढे रोजगार हमीची कामे आली. दळणाचा तास पाणी भरण्यात आणि कामावर वेळेत पोहोचण्यात गेला. यंत्राने वाचविलेला वेळ कोणाच्या हिशेबात जमा झाला, याचे उत्तर यंत्राकडे नसते.

अलीकडे शहरी घरांतून ‘घरघंटी’ आली आहे. मराठी कानाला त्यात घंटा ऐकू येते, पण गुजरातीत घंटी म्हणजे दळण्याचे साधन. शब्द तिकडून आला आहे. दळण यामुळे पुन्हा घरात आले, स्वयंपाकघराजवळ आले, बाईच्या हाताखाली आले. वर मांडलेल्या विवेचनाची ही एक कसोटीच आहे. जागा परत मिळाली, पण धान्य ओतून कळ दाबली की तेथे बसण्याचे कारण उरत नाही, आणि दुसरीला बोलावण्याचे तर मुळीच नाही.

जाते आज पुष्कळ घरांत बाहेर निघते ते लग्नात. हळदीच्या आदल्या दिवशी ते धुऊन, खुंट्याला हळकुंड व सुपारी बांधून पुजले जाते. पाच सुवासिनी खुंट्याला हात लावतात, मूठभर हळद वा धान्य घालून चार फेरे देतात, एखादी वडीलधारी स्त्री आठवतील तेवढ्या ओव्या म्हणते. मांडवातील जेवणाचे पीठ तोपर्यंत गिरणीतून आलेले असते.